रिकाम्या चौकटीखाली दोन अक्षरं

नृत्यसमीक्षेच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं परीक्षण वाचून व्हायला डोळ्यांची एक उघडझाप पुरते. न्यूयॉर्कच्या ‘डान्स ऑब्झर्व्हर’ मासिकात ते नोव्हेंबर १९५७ मध्ये छापून आलं. वर नर्तकाचं नाव, प्रयोगाची जागा आणि तारीख. त्याखाली मजकूर असायचा तिथे कोरा कागद. आणि त्या कोऱ्या जागेच्या तळाशी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, एल. एच. नर्तक सत्तावीस वर्षांचा पॉल टेलर. लिहिणारा, किंवा न लिहिणारा, त्र्याहत्तर वर्षांचा लुई हॉर्स्ट.

हा किस्सा आधुनिक नृत्याची टिंगल करायची असली तरी उपयोगी पडतो आणि समीक्षकांची करायची असली तरीही. दोन्ही बाजूंचे लोक हसतात आणि पुढे जातात. त्या संध्याकाळी रंगमंचावर काय झालं होतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि ते त्या परीक्षणावरून कळायची सोयच नाही.

झालं ते असं. २० ऑक्टोबर १९५७ ला मॅनहॅटनच्या ९२ व्या रस्त्यावरच्या ‘वाय’ या संस्थेच्या सभागृहात टेलरने ‘सात नवी नृत्यं’ नावाचा कार्यक्रम केला. त्यातल्या ‘एपिक’ या नृत्यात तो सूट-बूट घालून, कचेरीला निघालेल्या माणसासारखा एकटाच आला. संगीत म्हणून टेलिफोनवर वेळ सांगणाऱ्या बाईचा मुद्रित आवाज होता: दर दहा सेकंदांनी अमुक वाजून अमुक मिनिटं, अमुक सेकंद. तेवढ्या वेळात टेलर उभं राहण्याची एक ढब घ्यायचा, थांबायचा, मग दुसरी घ्यायचा. ‘ड्युएट’ नावाच्या नृत्यात पडदा वर गेला तेव्हा एक स्त्री बसलेली होती आणि टेलर तिच्याजवळ उभा होता. दोघंही हलले नाहीत. जॉन केजचं संगीत होतं, पण ते न वाजणारं. थोड्या वेळाने पडदा खाली आला. कार्यक्रमाची दृश्यरचना रॉबर्ट राउशेनबर्गची होती, तोच जो पुढे जगातल्या मोठ्या चित्रकारांत गणला गेला. पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षक उठून जायला लागले.

टेलर थट्टा करत नव्हता. रस्त्यावर लोक कसे उभे राहतात, वाट बघताना भार कोणत्या पायावर टाकतात, मान कशी वळवतात, हे तो बरेच दिवस टिपत होता. नृत्याची बाराखडी पुन्हा पहिल्या अक्षरापासून लिहावी, आणि ते पहिलं अक्षर म्हणजे माणसाचं साधं उभं राहणं, असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब १९५७ मध्ये कच्चा होता, हे कबूल. पण तो त्याने सोडला नाही. १९७५ च्या ‘एस्प्लनेड’मध्ये त्याने बाखच्या संगीतावर चालणं, धावणं, घसरणं आणि पडणं एवढ्याच सामग्रीतून असं नृत्य उभं केलं की ते त्याच्या मंडळाचं कायमचं लाडकं ठरलं.

हॉर्स्टकडे बघायला हवं, कारण तो कुणी बाहेरचा बावचळलेला पाहुणा नव्हता. तो आधुनिक नृत्याची अग्रणी मार्था ग्रॅहॅम हिचा संगीत दिग्दर्शक, मार्गदर्शक आणि अनेक वर्षांचा जिवलग. अमेरिकेतल्या कितीतरी नर्तकांना रचना म्हणजे काय हे त्याने शिकवलं होतं. वर्गात तो कडक होता आणि घाटाबद्दल काटेकोर. वर्तमानपत्रं आधुनिक नृत्याला नीट जागा देत नाहीत म्हणून ‘डान्स ऑब्झर्व्हर’ १९३४ मध्ये त्यानेच सुरू केलं. आणि टेलर त्या वेळी ग्रॅहॅमच्याच मंडळात नाचत होता. म्हणजे ही कोरी जागा घरच्या वडीलधाऱ्याने घरातल्या पोराला दिलेली समज होती. खुद्द ग्रॅहॅमनेही त्याला खोडकर पोरगा म्हणत बोट नाचवून दटावलं, असं सांगतात.

मला ही कोरी चौकट चतुर वाटते, आणि आळशीही. ‘तू काही केलं नाहीस, म्हणून मीही काही लिहीत नाही’ हा टोमणा वाचणाऱ्याला लगेच कळतो आणि आवडतो. पण टेलरने काही केलं नव्हतं, हेच मुळात खरं नाही. त्याने शेकडो ढबी पाठ करून, सेकंद मोजून, जीव ओतून उभं राहण्याचं काम केलं होतं. ते वाईट झालं असेल, कंटाळवाणं झालं असेल. तर तसं सांगायला हवं होतं. ‘हेरल्ड ट्रिब्यून’च्या वॉल्टर टेरीने निदान हा प्रयोग की थट्टा की प्रेक्षकाच्या सहनशक्तीची परीक्षा, असा प्रश्न तरी उघड विचारला. आज आपल्याला त्या संध्याकाळचं जे काही ठाऊक आहे ते अशा इतरांच्या लेखनातून आणि टेलरच्या आत्मचरित्रातून. हॉर्स्टच्या दोन अक्षरांमधून हॉर्स्ट तेवढा कळतो.

नृत्याच्या बाबतीत ही गोष्ट जास्त टोचते, कारण प्रयोग संपल्यावर हातात फार थोडं उरतं. नाटकाची संहिता राहते, गवयाची बंदिश आणि ध्वनिमुद्रिका राहते, चित्र तर भिंतीवरच असतं. नृत्याला लिपी आहे. रुडॉल्फ लाबानने १९२८ मध्ये ती प्रसिद्ध केली, पण ती वाचता येणारे लोक कुठल्याही देशात मोजकेच. चित्रफीत उशिरा आली, आणि तीही तिन्ही मितींत जाणवणारं शरीर एका सपाट चौकोनात बसवून दाखवते. त्यामुळे पन्नास-शंभर वर्षांनी कुणी विचारलं की तेव्हा तिथे काय नाचलं गेलं, तर उत्तर पुष्कळदा परीक्षणांच्या कात्रणांतच शोधावं लागतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण ‘राइट ऑफ स्प्रिंग’. २९ मे १९१३ ला पॅरिसच्या शांझेलिझे नाट्यगृहात स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर निजिन्स्कीची ही नृत्यरचना पहिल्यांदा झाली आणि प्रेक्षागृहात आरडाओरड, शिट्ट्या, भांडणं झाली, हे आता शाळकरी माहितीत जमा आहे. पाय आत वळवलेले, गुडघे वाकलेले, शरीर जमिनीकडे खेचलेलं: बॅलेने दोनशे वर्षं ज्याला चूक म्हटलं तेच इथे नियम झालं होतं. पॅरिस आणि लंडन मिळून त्या मूळ रचनेचे दहाही प्रयोग झाले नाहीत. मग ती विस्मरणात गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाक रिव्हिएर या तरुण संपादकाने ‘नूव्हेल रव्ह्यू फ्रांसेज’मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. दंगा विसरून, त्याने रंगमंचावरच्या हालचाली बारकाईने पाहिल्या होत्या. जुन्या बॅलेत एक हालचाल दुसरीत वितळत जाते, त्यामुळे डोळ्यांना गोड धूसरपणा जाणवतो; निजिन्स्कीने तो धूसरपणा काढून टाकला आणि प्रत्येक हालचाल तोडून, टोकदार करून समोर ठेवली, असं निरीक्षण त्याने नोंदवलं. हे नृत्य माणसाच्या मनाचं नसून जीवजातीचं आहे, असंही तो म्हणाला. आधुनिक नृत्यावरचं हे पहिलं खरं समीक्षालेखन म्हणायला मी तयार आहे, कारण त्यात मत आहे आणि त्या मताला पुरावाही आहे.

पुढे मिलिसेंट हॉडसन या अमेरिकन अभ्यासक नृत्यरचनाकार स्त्रीने ती हरवलेली रचना पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. निजिन्स्कीची सहायक मारी रॅम्बेअर हिने टिपणं केलेली संगीताची प्रत, व्हालन्तिन ग्रॉस या चित्रकर्तीने प्रयोग चालू असताना काढलेली रेखाटनं, वृद्धापकाळात रॅम्बेअरने सांगितलेल्या आठवणी, आणि १९१३ ची परीक्षणं एवढी सामग्री तिने जमवली. जॉफ्री बॅलेने ३० सप्टेंबर १९८७ ला लॉस एंजेलिसमध्ये ती रचना सादर केली. आता यातली मजा बघा. ज्या समीक्षकांनी चिडून लिहिलं होतं, त्यांचीही परीक्षणं कामाला आली. कारण चिडण्यासाठी का होईना, नर्तक कुठे उभे होते, हात कसे धरले होते, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. रागावलेला पण तपशील देणारा समीक्षक पुढच्या पिढीला खूश झालेल्या मोघम समीक्षकापेक्षा जास्त देऊन जातो.

अमेरिकेत नृत्यावर लिहिणं हा स्वतंत्र व्यवसाय झाला तो १९२७ मध्ये, जेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जॉन मार्टिनला नृत्यसमीक्षक म्हणून नेमलं. तोवर हे काम संगीत-समीक्षक उरल्या वेळात करत. मार्टिन १९६२ पर्यंत त्या खुर्चीवर होता, आणि त्याने आधुनिक नृत्याला नुसतं परीक्षण दिलं नाही, एक सिद्धान्तही दिला. त्याचं म्हणणं साधारण असं: प्रेक्षक नृत्य डोळ्यांनी पाहतो हे अर्धंच खरं. नर्तकाच्या स्नायूंत जे घडतं त्याचा सूक्ष्म प्रतिसाद खुर्चीत बसलेल्याच्या स्नायूंत उमटतो, आणि त्या वाटेने भावना पोचते. कुस्तीच्या फडात पैलवानाने पकड टाकली की कडेला बसलेल्यांचे खांदे आपोआप हलतात, तसं. ग्रॅहॅमचं पोटापासून आकुंचन पावणारं शरीर बघताना हा सिद्धान्त चपखल बसतो. तिचं दुःख कळायला कथा लागत नाही. आपलंच पोट आत ओढलं जातं.

पण हालचालच नसली तर? किंवा हालचाल असली पण तिच्यामागे सांगण्यासारखी भावना नसली तर? नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमने १९४० आणि ५० च्या दशकांत नेमका तोच पेच टाकला. त्याच्या रचनांत संगीत आणि नृत्य वेगवेगळं तयार व्हायचं आणि प्रयोगाच्या दिवशीच एकत्र यायचं. हालचालींचा क्रम कधी नाणं उडवून ठरायचा. नृत्य संगीताला किती धरून आहे आणि कोणता भाव दाखवतं, हे समीक्षकाचे दोन नेहमीचे प्रश्न एका फटक्यात निकामी झाले. घरच्या वृत्तपत्रांत त्याला बरीच वर्षं थंड वागणूक मिळाली. १९६४ च्या जगदौऱ्यात लंडनच्या समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे न्यूयॉर्कलाही तो नव्याने दिसू लागला. याच दौऱ्यात त्याचं मंडळ भारतातही आलं. मुंबईत प्रयोग झाला, अहमदाबादला साराभाई कुटुंबाने पाहुणचार केला. गीता साराभाईंनी जवळपास दोन दशकांपूर्वीच मंडळाचा संगीतकार जॉन केज याला भारतीय संगीताचे पाठ दिले होते, त्यामुळे हे येणं केवळ पर्यटन नव्हतं.

कोऱ्या चौकटीनंतर पाच वर्षांनी, ६ जुलै १९६२ ला, न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये तरुण नर्तकांनी एक कार्यक्रम केला. रॉबर्ट डनच्या रचनावर्गातून ही मंडळी आली होती. हॉर्स्टच्या काटेकोर घाटांवरची प्रतिक्रिया म्हणूनच तो वर्ग ओळखला जायचा. इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्स्टन, ट्रिशा ब्राउन, डेव्हिड गॉर्डन ही नावं तिथूनच पुढे आली. रेनरने १९६५ मध्ये दिमाख नको, कसरत नको, प्रेक्षकाला भुरळ घालणं नको अशी नकारांची यादीच जाहीर केली. पुढच्या वर्षी आलेल्या ‘ट्रिओ ए’ या तिच्या काही मिनिटांच्या रचनेत नर्तक एकदाही प्रेक्षकांच्या नजरेला नजर देत नाही.

या मंडळींना स्वतःची समीक्षक मिळाली, ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात लिहिणारी जिल जॉन्स्टन. पॅक्स्टनच्या १९६७ च्या ‘सॅटिस्फायिन लव्हर’मध्ये बरीच माणसं, नर्तक असायलाच हवीत असं नाही, एकापाठोपाठ एक रंगमंच ओलांडतात. कुणी मध्येच थांबतं, कुणी खुर्चीवर बसतं, मग उठून पुढे जातं. एवढंच. जॉन्स्टनने यावर लिहिताना त्या शरीरांची यादी केली: जाडी, बारीक, मधली, पोक काढलेली, ताठ, वाकड्या पायांची, जसे आपण सगळे असतो तशी. ती लांबलचक यादी वाचता वाचता ती माणसं समोरून जाऊ लागतात आणि चालणं ही बघण्याची गोष्ट आहे हे पटतं. टेलरने १९५७ मध्ये जे दाखवायचा प्रयत्न केला ते हेच होतं. हॉर्स्टला त्यासाठी एकही शब्द सापडला नव्हता. जॉन्स्टनला दहा वर्षांनी पुष्कळ सापडले. तिने नृत्याची भलामणही केली नाही. समोर जे होतं त्याची नीट मोजदाद केली, इतकंच. 

अमेरिकन अभ्यासक सॅली बेन्स हिने नंतर नृत्यसमीक्षेची चार कामं सांगितली: काय घडलं त्याचं वर्णन, त्याचा अर्थ, त्याचं मोल, आणि त्याची पार्श्वभूमी. चारही प्रत्येक लेखात हवीत असं तिचं म्हणणं नव्हतं. माझा अनुभव वाचक म्हणून असा की मोल करणारी परीक्षणं शंभर मिळतात, वर्णन करणारी दहा. कारण उघड आहे. मत घरी बसूनही देता येतं.

ते शब्दशः खरं करून दाखवणारा प्रसंग १९९४ च्या डिसेंबरमधला. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाची नृत्यसमीक्षक आर्लीन क्रोची ही अमेरिकेतली सर्वांत धारदार लेखणी मानली जात होती. बालांशिनच्या बॅलेवर तिने लिहिलेलं वाचून कितीतरी लोक नृत्य बघायला शिकले. नृत्यरचनाकार बिल टी. जोन्सचं ‘स्टिल/हिअर’ ब्रुकलिनमध्ये आलं, तेव्हा तिने एक लांब लेख लिहिला आणि पहिल्याच ओळींत जाहीर केलं की हा प्रयोग तिने पाहिलेला नाही आणि त्याचं परीक्षण करण्याचा इरादाही नाही.

जोन्सचा जोडीदार आणि सहनिर्माता आर्नी झेन १९८८ मध्ये एड्सशी जोडलेल्या आजाराने गेला होता. जोन्स स्वतः एचआयव्हीबाधित होता आणि त्याने ते जाहीर केलं होतं. ‘स्टिल/हिअर’साठी त्याने अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांत गंभीर आजार असलेल्या लोकांसोबत कार्यशाळा घेतल्या. ते लोक आपलं आयुष्य कागदावर रेषेने काढायचे, आपला आजार एका हालचालीत सांगायचे, मृत्यू कसा येईल असं वाटतं तेही बोलायचे. त्या हालचाली आणि बोलण्यातून जोन्सने रचना बांधली. ग्रेचेन बेंडरच्या दृश्यफितींत त्या लोकांचे चेहरे दिसायचे; रंगमंचावर नाचायचे ते जोन्सच्या मंडळातले तयारीचे नर्तक.

क्रोचीचा आक्षेप थोडक्यात असा: जिथे माणसं आपल्या खऱ्या मरणासह समोर येतात तिथे समीक्षकाला बोलायची जागाच उरत नाही. ज्याची कीव येते त्याच्यावर मी लिहू कशी? अशा कलेला तिने बळी असण्याचं भांडवल करणारी कला म्हटलं, आणि सरकारी-संस्थात्मक अनुदानांनी समाजोपयोगाच्या नावाखाली हिला खतपाणी घातलं असंही सुनावलं. त्यानंतर जो गदारोळ झाला तो नृत्यावरच्या कुठल्याही लेखामुळे क्वचितच झाला असेल. ‘न्यूयॉर्कर’ने पत्रांचा ढीग छापला, टोनी कुश्नर, बेल हुक्स असे नामवंत वादात उतरले. कादंबरीकार जॉइस कॅरल ओट्सने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सविस्तर उत्तर दिलं: दुःख भोगणाऱ्याने दुःखावर रचना करणं ही तर कलेची जुनीच रीत आहे.

क्रोचीचा प्रश्न मला झटकून टाकता येत नाही. अनुभव खरा आहे म्हणून कलाकृती चांगली का? मराठी वाचकाला हा प्रश्न अनोळखी नाही. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, पाठोपाठ दलित आत्मकथनं येत गेली, आणि त्यांना जुने सौंदर्यनिकष लावायचे की नाहीत यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं खडाजंगी झाली. शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ मध्ये दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर पुस्तकच लिहिलं. पण त्या वादात भांडणाऱ्यांनी पुस्तकं वाचलेली होती. क्रोचीची पंचाईत वेगळीच झाली. आपल्या लेखात तिने कलावंतांच्या संचाचा उल्लेख करताना जोन्सने गोळा केलेले आजारी लोक म्हणजेच नर्तक, असं धरून चालल्यासारखं लिहिलं. तिकीट काढून आत गेली असती तर पहिल्या पाच मिनिटांत तिला दिसलं असतं की नाचणारी शरीरं धडधाकट आहेत, आजारी माणसांच्या हालचाली त्यांनी उचलल्या आहेत, त्या हालचालींचं रूपांतर झालं आहे. म्हणजे नेमकं जे होत नाही म्हणून ती रागावली होती, तेच तिथे होत होतं. ते चांगलं झालं की वाईट, यावर तिच्याइतकं नेमकं दुसरं कुणी लिहू शकलं नसतं. २०२४ मध्ये तीस वर्षांनी ब्रुकलिनला ‘स्टिल/हिअर’ पुन्हा झालं, तरी त्याच्याबद्दलचं प्रत्येक लेखन अजून तिच्या त्या न पाहता लिहिलेल्या लेखापासूनच सुरू होतं. जोन्सला हा अन्याय वाटत असेल तर नवल नाही.

समीक्षकाला इतकं महत्त्व का द्यावं, असं कुणी विचारलं तर जर्मनीतली एक घटना सांगावी लागेल. ११ फेब्रुवारी २०२३ ला हॅनोव्हरच्या ऑपेरागृहात मध्यंतरात तिथला नृत्यप्रमुख मार्को ग्योके याने ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइन’च्या समीक्षक व्हीबके ह्यूस्टर यांना गाठलं आणि आपल्या कुत्र्याची विष्ठा त्यांच्या चेहऱ्याला फासली. नेदरलँड्समधल्या त्याच्या एका रचनेवर त्यांनी नुकतंच लिहिलं होतं की ती बघताना माणूस आळीपाळीने वेडा होतो आणि कंटाळून मरतो. पोलिसांत तक्रार झाली, ग्योकेला आधी निलंबित केलं, मग काही दिवसांत त्याचा करार संपवला. नंतर त्याने दिलगिरी व्यक्त केली, पण वृत्तपत्रांनी जखमी करणारी टीका छापण्याचा पुनर्विचार करावा असंही जोडलं. या कृत्याचं समर्थन होऊच शकत नाही. तरी एक गोष्ट लक्षात येते की पूर्ण युरोपात त्या वाक्याची चर्चा झाली, त्या रचनेची नाही. कुठली हालचाल पुन्हा पुन्हा येत होती, नर्तक किती होते, ते वेड आणि तो कंटाळा कशाने आला, हे परीक्षणातून बाहेर पडून लोकांपर्यंत पोचलं नाही. टोमणा तेवढा पोचला.

आपल्याकडे टोमण्याचे बादशहा म्हणजे दिल्लीच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणारे सुब्बुडू. संगीत आणि नृत्यावरचं त्यांचं लेखन कलावंत धास्तावून वाचत आणि वाचक चवीने. त्यांची बोचरी वाक्यं जुनी माणसं अजून सांगतात. त्या संध्याकाळी नर्तिकेने कोणता पदन्यास कसा केला, ते सांगणारा भेटत नाही. शास्त्रीय नृत्यात हे चालून गेलं, कारण तिथे निकष आधीच ठरलेले होते: ताल चुकला की नाही, मुद्रा शुद्ध की नाही, अभिनय पोचला की नाही. समकालीन नृत्यात हे तिन्ही प्रश्न कधी कधी गैरलागू ठरतात, आणि मग टोमण्याखेरीज हाती काही राहत नाही.

ती वेळ मुंबईत १९८४ च्या जानेवारीत आली. एनसीपीएमध्ये ‘ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर’ भरला. मॅक्सम्युलर भवनाच्या गेओर्ग लेख्नर यांचा त्यात पुढाकार होता. जर्मनीची सुझान लिंके, आपल्याकडच्या कुमुदिनी लाखिया, अस्ताद देबू, उत्तरा आशा कूर्लावाला अशी मंडळी एकाच ठिकाणी आली, आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर चंद्रलेखा पुन्हा रंगमंचावर आल्या. त्या मूळच्या पालघरकडच्या वाड्याला जन्मलेल्या, चेन्नईत राहिलेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘अंगिका’ आलं: भरतनाट्यम, योग आणि कळरीपयट्टू यांतून बांधलेलं, देवांच्या कथा वगळलेलं, दागदागिन्यांना रजा दिलेलं. हे भरतनाट्यम आहे का, हा प्रश्न त्यानंतर वीस वर्षं त्यांच्या मागे राहिला. भास्कराचार्यांच्या गणितावरची ‘लीलावती’ असो की गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदावर अतिशय संथ उलगडणारं २००१ चं ‘शरीर’ असो, परीक्षणांचा पहिला परिच्छेद पुष्कळदा परंपरा मोडली की राखली या पंचनाम्यातच खर्ची पडायचा.

चंद्रलेखांना समजून घेणारे लेखकही मिळाले. रुस्तम भरुचांनी १९९५ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. सदानंद मेनन यांनी त्यांच्या कामावर बारकाईने लिहिलं, पण मेनन हे त्यांचे सहकारीही होते आणि प्रयोगांची प्रकाशयोजनाही तेच करत. पुन्हा हॉर्स्ट आणि ग्रॅहॅमचीच गोष्ट. हा दोष मानायचा का? मी तरी मानत नाही. नवं नृत्य बघायची नजर ज्यांनी आधी कमावली ते बहुधा त्या नृत्याच्या घरातलेच असतात. फक्त वाचकाला ते नातं ठाऊक असावं, आणि घरातल्या माणसाने कोरी चौकट छापण्याआधी दोनदा विचार करावा. मुंबईचे सुनील कोठारी या दोन टोकांच्या मध्ये होते. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट, मग आयुष्यभर नृत्याचे लेखक. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी अनेक दशकं परीक्षणं लिहिली आणि २००३ मध्ये ‘मार्ग’साठी भारतीय नृत्यातल्या नव्या वाटांवरचा ग्रंथ संपादित केला. त्यांच्यावर ते सगळ्यांचंच कौतुक करतात असा आक्षेप असायचा. असेलही. पण ते प्रयोगाला जायचे. गावोगाव, देशोदेशी जायचे, आणि काय पाहिलं ते लिहून ठेवायचे.

मराठीत नाटकाची आणि गाण्याची समीक्षा भरघोस आहे, नृत्याची तुटपुंजी. तिचा मासला ‘घाशीराम कोतवाल’च्या बाबतीत दिसतो. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात हे नाटक आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. ब्राह्मणांची ती रांग, जी कधी गाणारी मंडळी होते, कधी प्रेक्षकांकडे पाठ फिरवून भिंत होते, कधी झुलत झुलत मागचं कृत्य झाकते आणि उघडते, ही आधुनिक मराठी रंगभूमीवरची सर्वांत बोलकी नृत्यरचना म्हणता येईल. नाटकाचा सगळा राजकीय अर्थ त्या झाकण्या-उघडण्यात आहे. वाद मात्र पेटला तो नाना फडणविसांचं चित्रण इतिहासाला धरून आहे की नाही यावर. तो इतका पेटला की मूळ संस्थेने एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवलं. भिंत किती पावलांत वळायची, वळताना आधी डोकं वळायचं की खांदे, टाळाच्या कुठल्या ठोक्यावर ती फुटायची, हे कुणी सविस्तर लिहून ठेवलं असतं तर नानांच्या वादालाही त्याचा उपयोग झाला असता. कारण नाना कसे दिसतात, हे त्या भिंतीने काय दाखवायचं ठरवलंय त्यावर अवलंबून होतं. त्या रांगेत उभी राहिलेली काही माणसं आजही पुण्यात आहेत, आणि विचारलं तर पावलं करून दाखवतात.